जागा शिल्लक नाही

सोमवार, ४ मार्च

मेलबॉक्स अठ्ठ्याण्णव टक्के भरला! संगणकवाला सकाळीच दम देऊन गेला – शुक्रवारपर्यंत जुने मेल अर्काइव्हमध्ये टाका, नाहीतर नवे येणार नाहीत आणि तुमचेही जाणार नाहीत. मी म्हटलं, बाबा रे, तेवीस वर्षांत विक्री विभागातला एक कागद माझ्या हातून हरवलेला नाही, तिथे मेल म्हणजे काय!

शिवाय एका दगडात दोन पक्षी. आमच्या लिफ्ट कारखान्याचा नकाशेवाला शुक्रवारी निवृत्त होतोय. त्याआधी 'तो' मेल शोधून, छापून, सगळ्यांसमोर त्याच्या टेबलावर ठेवणार. विभागात तसं सांगूनही टाकलं.

मंगळवार, ५ मार्च

पाच वर्षांचे मेल उरकले. एकाला बढती, आणि साठ जणांचं 'अभिनंदन' – तेही सगळ्यांना! उडवले.

ते प्रकरण आजही डोळ्यांसमोर आहे. आठ वर्षांपूर्वी लिफ्टचे चाळीस दरवाजे दहा सेंटिमीटर जास्त रुंद बनले. गिऱ्हाइकाने माप बदललं होतं, ते मी नकाशेवाल्याला मेलने कळवलं होतं. तो म्हणाला, मेल आलाच नाही. साहेबांनी मेल बघायलाही मागितला नाही. "बाई म्हणतात पाठवला, म्हणजे पाठवला." विषय संपला. त्याची बढती गेली, बसायला मागची शेड मिळाली.

त्याआधी अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. नकाशा वाचायला मला त्यानेच शिकवलं. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण धडधडीत खोटं बोलला तो.

बुधवार, ६ मार्च

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "माणूस चाललाय, आता कशाला गाडलेली मढी उकरतेस?" चाललाय म्हणूनच! नंतर दाखवू कुणाला?

गुरुवार, ७ मार्च

ते वर्ष उघडलं. १४ जून – तारीख पाठ आहे. पाठवलेल्या मेलमध्ये नाही. तीनदा बघितलं. मध्ये एकदा सगळे संगणक बदलले होते, तेव्हा गेला असेल इकडेतिकडे. सापडेल.

दुपारी जिन्यात तोच समोर. हातात खोकं, त्यात त्याच्या पट्ट्या आणि पेन्सिली. आठ वर्षांत पहिल्यांदा आपणहून बोलला. "सापडला का मेल? सापडला तर मलाही एक प्रत द्या. कधीकधी वाटतं, आलाही असेल. माझ्याच नजरेतून सुटला असेल."

चला! उशिरा का होईना, कबूल तर झाला. घरी येऊन ह्यांना सांगितलं.

शुक्रवार, ८ मार्च

मेलबॉक्स एकतीस टक्क्यांवर. फक्त ड्राफ्ट्स उरले होते. त्यात एकच मेल.

१४ जून, अकरा वाजून दहा मिनिटं. त्याचं नाव, नवं माप, सोबत नकाशा. सगळं बरोबर. आणि त्यालाच जोडलेली सूचना, मी कधी न उघडलेली – मेलबॉक्स भरला आहे, तुमचा मेल गेलेला नाही.

खोटं तो बोलला नव्हता. मी बोलले होते, आणि आठ वर्षं छातीठोकपणे बोलत राहिले.

निरोप समारंभ चारला आहे. आत्ता तीन वाजलेत. सगळ्यांसमोर ठेवणार म्हटलं होतं, ठेवणार. दोन प्रती काढल्या. एक साहेबांना. एक त्याने मागितलीच होती.