मावशीच्या हातचं मीठ

सोमवार, ३ नोव्हेंबर

उष्ट्याची बादली जवळजवळ रिकामी! शाळांतल्या जेवणाचे नवे निकष (मीठ निम्मं, डाळी-भाज्या जास्त) आधी एका शाळेत करून पाहतोय. मुलं ताटात काय टाकतात त्याचं वजन मी रोज करते. गेल्या आठवड्यात बादली भरून वाहत होती. आज ताटं चाटूनपुसून साफ.

साहेब म्हणाले, "असंच राहिलं तर नियम सगळ्या शाळांना. नाहीतर विषय बंद."

मी फक्त "हो" म्हणाले. जिना मात्र धावत उतरले.

मंगळवार, ४

त्या शाळेत स्वयंपाक माझी मावशी करते. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. (साहेबांना हे पहिल्याच दिवशी सांगितलंय.) विचारलं, काय जादू केलीस?

"जादू कसली! तुझ्या त्या मापाच्या चमच्यानं कुणाचं पोट भरलंय? चाखून बघितल्याशिवाय मी पोरांपुढे काही ठेवत नाही, बाई."

गुरुवार, ६

जेवणाचा नमुना तपासला. मीठ पूर्वीपेक्षाही जास्त. यंत्र बिघडलं असेल – पुन्हा तपासला. तेच.

शुक्रवार, ७

मावशीला विचारलं. ती पातेलं घासतच राहिली. मग म्हणाली, "टाकलं मीच, मुद्दाम. पोरं खाईनात, तुझं तोंड एवढंसं झालेलं. बघवेना." आणि वर, "आता काय फासावर देतेस?"

रागवायचं ठरवून गेले होते. जमलं नाही. तिच्या बाहीला लागलेलं पीठ झटकलं आणि निघाले.

सोमवार, १०

साहेबांना सगळं सांगितलं. आधीचे आकडे रद्द. पुन्हा सुरुवात, पण दुसऱ्या स्वयंपाकिणीकडून. "शेवटची संधी," साहेब म्हणाले.

मावशीला घरी येऊन मीच सांगितलं. "बरं झालं. गुडघे बोलतातच हल्ली." एवढंच. मग माझ्या ताटात वाढत राहिली – मी पुरे म्हणेपर्यंत, आणि त्यानंतरही.

गुरुवार, २०

बादली पुन्हा अर्धी भरतेय. साहेबांपुढे नवा प्रस्ताव ठेवला: मीठ एकदम निम्मं नको, वर्षभरात थोडं थोडं उतरवू. जिभेला सवय व्हायला वेळ लागतो.

"आधी का नाही सुचलं?" म्हणाले. पण मान्य! नियम होणार!

मावशीला फोन केला. ती रडली. मी नाही. (थोडीशी.)

रविवार, २३

मावशीला आराम म्हणून आज भाजी मी केली. पहिल्याच घासाला कळलं – मीठ घालायचंच राहिलंय! उठणार, तेवढ्यात मावशी भाजी पुन्हा वाढून घेत म्हणाली, "मीठ अगदी बेताचं पडलंय हो!"

तिला चवच लागत नाहीये. कधीपासून?

उद्या तिला डॉक्टरांकडे नेते. आज मात्र मीही पुन्हा वाढून घेतली.