कप्लरमधली रबराची पट्टी

शुक्रवार, संध्याकाळ

जनरेटरच्या ट्रेलरचा नवा कप्लर आज घेऊन आलो. पिकअपच्या मागच्या गोळ्यावर बसणारी ती लोखंडी वाटी सकाळी देहूरोडच्या उतारावर निसटली. साखळीने ट्रेलर धरला, म्हणून कुणी मेलं नाही.

चिंचवडला बशीरभाईंनी दुकानात वाटी उघडली, तर आत ट्यूबच्या रबराची पट्टी. "शेठ, हे रबर कुणी भरलं?"

दत्ताभाऊ, माझा सगळ्यात जुना ड्रायव्हर, खाली बघत म्हणाला, "मीच. वाटी झिजून खडखड वाजायचं. तुमचे कान लय तिखट. ऐकलं असतं तर गाडी उभी केली असती."

केलीच असती. आणि उभ्या गाडीच्या ड्रायव्हरला भत्ता नाही. नियम माझाच. म्हणून आवाज दाबला?

बशीरभाई म्हणाले, "वेल्डिंग भरून देऊ? स्वस्तात होईल." नको म्हटलं. "मग गोळाही बदला. झिजलेल्या गोळ्यावर नवा कप्लर टिकत नाही, राव." दोन्ही घेतले, एकाच मापाचे. तेवढं सोपं होतं.

पण ती पट्टी... घाईत कोंबलेली नव्हती. मापाने कापलेली, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. किती सवडीने केलं असेल!

चाकणला यार्डात परतल्यावर सगळ्यांना सांगितलं, आजपासून दुरुस्तीला गाडी उभी राहिली तरी भत्ता मिळेल. थोड्या वेळाने एक ड्रायव्हर केबिनच्या दारात आला. "शेठ, माझाही कप्लर उघडून बघा."

त्याच्या मागे आणखी दोघं उभे होते.