बेचाळिसावी मासोळी

३ ऑगस्ट २०२५, रविवार
क्षमा असावी. ज्या हाताने न मोजता सही केली, त्याच हाताने पुन्हा काही लिहावे हा उद्धटपणाच. तरी लिहिते.
दुपारी शेजारच्या रुखमामावशी गावतळ्यातला सायप्रिनस मासा पदराखाली झाकून आल्या. "चार महिन्यांत सव्वा किलो! तुह्या शाळेनं तळ्याले काय चारलं वं?" मी संशोधन करते त्या मत्स्यकेंद्राला त्या शाळाच म्हणतात. आई हसली. मला हसता आले नाही. इतक्या वेगाने वाढणारा सायप्रिनस मी एकाच ठिकाणी पाहिला आहे — केंद्राच्या बंद टाक्यांत, वाढीच्या संप्रेरकाचे जादा जनुक घातलेला. मार्चमध्ये प्रयोग थांबला. बेचाळीस माद्या चुन्यात पुरल्या, असे मीच लिहून दिले होते.

५ ऑगस्ट
तळ्यातली वीस पिल्ले तपासली. अकरांत ते जनुक आहे. नऊंत नाही. आई जनुकवाली, बाप साधा — निम्म्या संततीत उतरते. पुस्तकातले हे पान मला किती आवडायचे!

६ ऑगस्ट
बाबा केंद्रावर राखणदार आहेत. विचारले, "किती पुरल्या होत्या?"
जाळे विणता विणता म्हणाले, "एक कमी."
"का, बाबा?"
"तिचं पोट अंड्यानं भरलं होतं, बाई. आपन ढिवर. अंड्याची मोठी मासोळी गावली त हळद लावून तळ्याले वापस देतो. चुन्यात कशी टाकू?" मग जरा चिडून, "मोठं होनं का गुन्हा आहे?"
मार्चमध्ये त्या खड्ड्याकडे पाहवेना, म्हणून मी तोंड फिरवले होते. बाबा म्हणाले, 'बेचाळीस'. मी सही केली.

८ ऑगस्ट
पाणी सांडव्याच्या वीतभर खाली. सांडव्यापुढे नाला. नाल्यापुढे अंधारी नावाची नदी.

९ ऑगस्ट
अहवाल लिहून तयार आहे. पाठवत नाही. पाठवला तर तळ्यात औषध टाकून सगळी मासळी मारतील — साठ घरांची वर्षभराची मासळी! बाबांची नोकरीही जाईल. न पाठवला तर ती पिल्ले नदीत, आणि तिथे पुढच्या पिढ्या कोण मोजणार?
पाणी सांडव्याला लागायला चार बोटे उरली.

११ ऑगस्ट
बाबांनी सांडव्याला बारीक जाळे बांधले, आतून आईची मच्छरदाणी. चिखलातच बसून म्हणाले, "साधना, माहं नाव टाक. बेचाळीस मीच म्हनलो. तू सांगतेस त खरंच असन. मले पुस्तक वाचता येत नाई."
उद्या पाठवते, म्हटले. मच्छरदाणीवर विसंबले! पहिल्या क्रमांकाची विद्यार्थिनी!

मंगळवार
सहाला बाबा दारात. अंगभर चिखल. हातात मच्छरदाणीचा फाटका कोपरा. "सांडवा सुटला, बाई."
अहवाल पाठवला, दोघांच्या नावानिशी — १२ ऑगस्ट २०२५, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे.