ओळख देणाऱ्याची सही

प्रिय खातेदार,

दचकू नकोस. बँक तुला 'महोदय' म्हणते. 'प्रिय' हे माझ्या पदरचं. अक्षर ओळखलंस का? नसशील ओळखलं. मग सांगते, मी अजून त्याच बँकेत आहे, फक्त जागा बदलली. तू होतास तेव्हा मी पैसे भरून घ्यायच्या खिडकीत बसायचे. आता मागच्या खोलीत बसते, दोन लोखंडी कपाटं आणि एक गळका एसी यांच्या मधोमध. मालकांनी ज्यांच्याकडे पाठ फिरवली ती सगळी खाती माझ्या टेबलावर येतात. आमचे शिपाईमामा या टेबलाला अनाथाश्रम म्हणतात. माणूस परदेशी जातो, तिथं रमतो, आणि खातं इथं त्याची वाट बघत बसतं. मी तीन नोटिसा पाठवते, उत्तर आलं नाही की खातं बंद करते आणि पैसे सरकारच्या बेवारस ठेवींच्या निधीत जमा होतात. इतक्या वर्षांत शेकडो बंद केली असतील.

तुझं खातं मीच उघडून दिलं होतं. तू तेव्हा त्या छापखान्याच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचास, घरमालक भाडेकरूंची पत्रं त्यांच्या हातात पडू द्यायचा नाही. म्हणून फॉर्मवर पत्ता माझ्या घरचा घातलास. त्या काळी जुन्या खातेदारानं ओळख दिल्याशिवाय नवीन खातं उघडत नसे. 'मी या व्यक्तीस ओळखते' या ओळीखाली मी सही केली, आणि तू म्हणालास, लग्नाच्या नोंदीच्या आधीच सही झाली म्हणायची! मी लाजले होते. आता आठवलं की माझाच मला राग येतो. दोघांचं खातं काढूया, असं मी म्हटलं तर तू म्हणालास, आत्ता माझ्या एकट्याच्या नावावर असू दे, लग्नानंतर तुझं नाव घालू, म्हणजे नवीन आडनावासकट एकदाच होईल. मला ते केवढं शहाणपणाचं वाटलं! बँकेत काम करणारी बाई, आणि हिशेब कुणाच्या नावावर चाललाय एवढं कळू नये. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

माझा निम्मा पगार दर महिन्याला त्या खात्यात पडत राहिला, आपल्या घरासाठी. तू दोन वर्षांसाठी म्हणून परदेशी गेलास, त्यानंतरही वर्षभर पडत होता. आईनं स्वतःच्या बांगड्या मोडल्या. सोनाराकडून आली तेव्हा तिचे हात पदरात होते. म्हणाली, नाव कुणाचं का असेना, घर तर होईल. मग तुझी मावशी भाजीच्या दुकानात भेटली आणि म्हणाली, अगं, त्यानं तिकडंच लग्न केलं, तुला कळवलं नाही का? माझ्या हातात कोबी होता. मी तो विकतही घेतला. आईनं रात्री विचारलं, एवढा कोबी कुणाला? तेव्हा रडले.

तरी खातं मरू दिलं नाही. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही की खातं झोपी जातं, म्हणून दर वर्षी ते उघडल्याच्या तारखेला मी त्यात एक नोट भरायचे, स्वतःच्या हातानं पावती फाडायचे. याला आशा म्हणू नकोस, एवढी मी वेडी नव्हते. आईच्या बांगड्या होत्या त्यात. त्या परत द्यायचं तुला कधीतरी सुचेल, असं वाटायचं. पत्र लिहून पैसे मागायचा मला कमीपणा वाटत होता, आणि खरं सांगते, मला मागायचेच नव्हते, तू द्यावेस असं होतं.

अकरा वर्षांपूर्वी मावशी परत भेटली. म्हणाली, तो येऊन गेला की, चांगला महिनाभर होता, चष्मासुद्धा इथंच बनवून घेतला. चष्म्याचं दुकान बँकेच्या शेजारी आहे. मधे एक भिंत. त्या वर्षी मी नोट भरली नाही. आणि आईही त्याच वर्षी गेली. शेवटपर्यंत तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या.

मग तुझं खातं रीतसर माझ्या टेबलावर आलं. यंदा मी पहिली नोटीस काढली, नोंदवलेल्या पत्त्यावर. पोस्टमन संध्याकाळी माझ्याच दारात उभा! म्हणाला, बाई, तुम्हीच धाडलं आणि तुम्हीच घेताय, मला मधे कशाला पळवता? मी सही करून घेतली. दुसरी घेतली. तिसरी घेताना त्याला चहा पाजला. नियमात कुठंही खोट नाही. तू पत्ता कधी बदललाच नव्हतास.

तिसरीची मुदत संपायला आठ दिवस होते आणि तुझं पत्र आलं. तुला निवृत्तीचे हिशेब जुळवायचे होते, तिकडच्या सल्लागारानं परदेशातली सगळी खाती विचारली होती. सही जुळत नव्हती, म्हणून आमच्या शाखेच्या साहेबांनी तुला नवा फॉर्म पाठवायला सांगितला. तो तू इमानदारीनं भरून पाठवलास. मी उभ्यानंच वाचला. पत्त्यापुढं लिहिलंयस: 'हा पत्ता एका ओळखीच्या बाईंचा आहे. तिथं पत्रव्यवहार करू नये.' आणि खाली, 'ओळख देणाऱ्याचे नाव' या रकान्यात: 'आठवत नाही.' गरज सरो, वैद्य मरो, हे माहीत होतं रे. पण वैद्याचं नावसुद्धा विसरावं? त्या रकान्यात माझं नाव असतं ना, नुसतं नाव, तर मी तुला सगळे पैसे मिळवून दिले असते. आईच्या बांगड्यांसकट. शपथ घेऊन सांगते.

साहेब वयानं माझ्या भाच्याएवढे. जुना फॉर्म काढून म्हणाले, मॅडम, ओळख देणारा हयात असेल तर त्याची नव्यानं सही लागेल, मग देऊन टाकू पैसे. मग चष्मा पुसून म्हणाले, अहो, ही सही तुमचीच की! मी म्हटलं, हो. साहेब म्हणाले, सोडवा मग बिचाऱ्याला, लांबून लिहितोय. मी तुझा नवा फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि बसले.

लोक म्हणतील, हिनं आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन केला. म्हणू देत. त्या खात्यात तुझ्यापेक्षा माझं जास्त गेलं, आणि नाकही माझंच आहे. आज माझा नोकरीतला शेवटचा दिवस. सकाळी हार झाला, साहेबांनी भाषणात मला बँकेची आठवण म्हटलं. दुपारी मी शेवटचं काम केलं. तुला बँकेचं छापील पत्र येईल, त्यात एवढंच असेल: 'कागदपत्रे अपूर्ण, खाते बंद.' ते वाचून तू कुठल्यातरी कारकुनाला शिव्या घालशील, आणि तसं व्हायला नको, म्हणून हे वेगळं पत्र. सोबत फॉर्मची प्रत जोडली आहे. तुझ्या 'आठवत नाही'च्या खालच्या रकान्यात, जुन्या फॉर्मवर जिथं चौतीस वर्षांपूर्वी 'मी या व्यक्तीस ओळखते' म्हणून सही केली होती, त्याच जागी आज मी स्पष्ट अक्षरांत लिहिलंय: 'मी या व्यक्तीस ओळखत नाही.' आणि खाली माझं पूर्ण नाव, म्हणजे पुन्हा विसरायला नको.

तुझीच,
सही फॉर्मवर आहे, ताडून बघ.