आतली कडी

सोमवार, लातूर

जेलातून सुटून या आधारगृहात आले, तेव्हापासून वाट बघत होते. आज उदगीरहून बहिणीनं माझ्या सोनीला आणून सोडलं. तिच्याकडंच वाढलेली पोर. आल्यापासून मला "तुमी, तुमी" करून राहिली. सख्ख्या आईला कुणी तुमी म्हणतं का?

दिवेलागणीला खोलीचं दार लोटलं अन् तशीच उभी राहिले. जेलात कडी बाहेरून दुसरंच कुणी लावायचं. इथं ती आतून हाय, हे ध्यानातच राहत न्हाई.

"कुणाची वाट बघून राहिल्या तुमी?" सोनीनं विचारलं. मी कडीकडं बोट केलं.

तिनं उठून कडी लावली, काढली. "बघ, अशी. आता तू लाव."

तू म्हणाली.

कडी लावली का न्हाई मी? उठून बघते.