सुलतानचे सुळे

४ डिसेंबर, बुधवार

आजही सुलताननं पोळी तोंडात धरली आणि खाली टाकली. तिसरा दिवस. यांनी ओसरीवरूनच विचारलं, "काय टाकलं तुनं याच्यात?" जसं काही मी विष कालवते. म्हटलं, तुम्ही खाल्लं तेच.

कुत्र्याच्या तोंडाला घाण वास येतो. ओसरी झाडताना पदर नाकाला लावावा लागला. यांना सांगितलं, तर म्हणे, "कुत्र्याच्या तोंडाले काय अत्तराचा वास येईन?"

७ डिसेंबर, शनिवार

हे बाजार समितीत गेले तेव्हा सुलतानचा ओठ वर करून पाहिला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. अडत दुकान जोरात होतं तेव्हा यांनी हा जर्मन शेफर्ड आणला, लोकांनी आमच्या दारावरून बिचकून जावं म्हणून. दिग्रसमध्ये तेव्हा असं कुत्रं कोणाकडं नव्हतं. मलाही वाटलं, हात तोडतो आता. त्यानं नुसते डोळे मिटले.

दाढांवर पिवळं, तपकिरी, दगडासारखं काहीतरी चढलेलं. हिरड्या लालभडक. बोट लागलं तिथून रक्त आलं.

रात्रीच्या जेवणाला यांनी त्याला मटणाचं हाड टाकलं. म्हटलं, त्याचं तोंड दुखतं, हाड नका देऊ. "तुले कुत्र्यातलं काय समजते?"

१० डिसेंबर, मंगळवार

उजव्या डोळ्याखाली लिंबाएवढी सूज. आता मात्र हे घाबरले. स्वतः जाऊन सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, सूज डोळ्याची नाही, दाढेच्या मुळाशी पू झालाय. दातांवर वर्षानुवर्षं कीटण साचलं, ते हिरडीच्या आत गेलं. भूल देऊन साफ करावं लागेल, किडलेले दात काढावे लागतील, आणि ते इथं होणार नाही. यवतमाळला न्या.

यांनी लगेच गाडीवाल्या नेमसिंगला फोन लावला, परवाची गाडी सांगितली. "लागन ते करा म्हणा डॉक्टरले. पण सुलतान बरा झाला पायजे."

मी भाजी निवडत होती. देठ कुठं, पानं कुठं, कळेना.

दीपा सहा महिन्यांची होती तेव्हा माझी दाढ दुखायला लागली. तीन महिने दुखली. सासूबाई म्हणाल्या, लवंग ठेव. हे म्हणाले, "दातासाठी कोणी यवतमाळले जाते काय?" गाल एवढा सुजला की दूध पाजताना मान खाली करता येत नव्हती. शेवटी एकटी गेली, एसटीनं, पोर मांडीवर घेऊन. तोवर एकाच्या जागी दोन दाढा काढाव्या लागल्या. घरी आली तर यांनी पहिला प्रश्न काय विचारला? "स्वयंपाक कोण करन?"

चौतीस वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. कागदालाही नाही.

कुत्र्यासाठी गाडी!

१२ डिसेंबर, गुरुवार

यवतमाळला मीच गेली. यांना रक्त पाहवत नाही. सुलतान मागच्या सीटवर, मी त्याच्या बाजूला. दारव्ह्यापर्यंत मी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. राग त्याचाच येत होता.

डॉक्टरीणबाई दीपाच्या वयाची. तोंडात बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं. हाडं देता का? म्हटलं, रोज. म्हणाली, एक दाढ हाडानंच चिरली आहे. आणि हे सगळं दोन वर्षांचं तरी दुखणं आहे.

"दोन वर्षं? ओरडला नाही तो कधी."

"कुत्रं ओरडत नाही काकू. दुखऱ्या बाजूनं चावणं सोडून देतं आणि दुसऱ्या बाजूनं खात राहतं. घरच्यांना वाटतं, मजेत आहे."

मी खिडकीतून बाहेर पाहत राहिली. रक्त तपासायला घेतलं, आठ दिवसांच्या गोळ्या दिल्या. पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन.

येताना त्यानं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. लाळ गळत होती, लुगडं खराब झालं. राहू दिलं.

१५ डिसेंबर, रविवार

गोळी भाताच्या मुटक्यात घालून देते. माझ्याच हातून घेतो. यांच्या हातून घेत नाही. यांना त्याचाही राग.

२० डिसेंबर, शुक्रवार

नऊ दात काढले. त्यात वरचे दोन्ही सुळे. बाकीच्या दातांवरचं कीटण मशीननं खरवडलं. तीन तास लागले. मी बाहेर बाकावर बसून होती. नेमसिंगनं चहा आणून दिला, तो तसाच थंड झाला.

आत नेण्याआधी कागदावर मालकाचं नाव विचारलं. मी म्हटलं, सत्यभामा. का म्हटलं, माहीत नाही. इतकी वर्षं कुठल्याही कागदावर आधी यांचंच नाव येत आलंय.

शुद्धीवर येताना कण्हला. पहिल्यांदाच ऐकला त्याचा तसा आवाज.

घरी यांनी बॅटरी घेऊन त्याचं तोंड पाहिलं आणि माझ्याकडं असं पाहिलं, जसं मीच ते दात उपटून आणलेत.

"सुळे कायले काढू देले?"

"हलत होते. आत पू होता."

"मले विचाराचं नव्हतं काय?"

तीन वेळा फोन केला होता. जेवून झोपले होते.

२४ डिसेंबर, मंगळवार

सूज पूर्ण उतरली. वरण-भात मऊ करून दिला, सगळा खाल्ला. वाटी चाटत ओसरीभर ढकलत नेली.

राहिलेले दात रोज साफ करायचे आहेत, नाहीतर कीटण पुन्हा चढणार. डॉक्टरीणबाईंनी कुत्र्यांची वेगळी पेस्ट दिली आहे, आपली चालत नाही म्हणे. हे म्हणाले, "तूच कर. मले किळस येते." उद्यापासून बोटाला मऊ फडकं गुंडाळून घासणार. आज नुसतं तोंड उघडायची सवय केली. पहिल्यांदा मान फिरवली. मग बसला.

२८ डिसेंबर, शनिवार

बाजार समितीतले दोघंजण चहाला आले होते. सुलतान भुंकला तर एक जण हसला. "सदाशिवराव, तुमचं कुत्रं बुढ्ढं झालं जी. बोळकं दिसून राह्यलं." हे पण हसले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. ते हसू मला ओळखीचं आहे. लोकांत माझ्यावर विनोद झाला की हे असेच हसतात. मग घरात आले की कळतं.

२९ डिसेंबर, रविवार

आज कळलं. पांढरकवड्याच्या कोणाशी तरी फोनवर बोलत होते. पिल्लू ठरलं. जर्मन शेफर्डचंच, तीन महिन्यांचं.

म्हटलं, दोन कुत्री कशाला?

"दोन कोण म्हणते? याले नेमसिंग नेऊन सोडन. हायवेवर ढाबे आहेत, ट्रकवाले खाऊ घालतात. तिकडूनच पिल्लू घेऊन येईन."

"नऊ वर्षं दारात आहे तो."

"दात नसलेलं कुत्रं दारात बांधून लोकायले हसवू काय?"

"त्याची दाढ तुमच्या हाडानं फुटली."

"तुले कोणं विचारलं?"

आवाज चढवला नाही. पेपर उघडला. इतकी साधी गोष्ट होती ती त्यांच्यासाठी. मी उगाच समजत होती की निदान कुत्र्यावर तरी यांचा जीव आहे. एवढी वर्षं मी त्या कुत्र्याचा हेवा केला.

दीपाला फोन केला. ती पुसदला शाळेत शिकवते, नवऱ्याची बदली नांदेडला आहे, घरात एकटीच असते. नुसती तब्येत विचारली आणि ठेवून दिला.

३१ डिसेंबर, मंगळवार

गाडी गुरुवारी येणार. सुलतानचे दात घासले. आता स्वतःच तोंड वर करतो.

१ जानेवारी, बुधवार

यांचं दोन दिवसांचं धुणं इस्त्री करून ठेवलं. रक्तदाबाच्या गोळ्या डब्यात भरल्या. बाकी त्यांचं ते पाहतील.

२ जानेवारी, गुरुवार. पुसद

गाडीत सुलतानच्या बाजूला बसली. हे म्हणाले, "तू कुठं चालली?" म्हटलं, सोडून येते. बॅग पायाशी होती, त्यांनी पाहिली नाही.

चौकात नेमसिंगला म्हटलं, पुसदकडं घे. त्यानं आरशातून एकदा पाहिलं आणि गाडी वळवली.

दीपाच्या दारात उतरलो तोच नेमसिंगच्या मोबाइलवर यांचा फोन. स्पीकर चालू होता. "सोडलं काय रे?"

नेमसिंग माझ्याकडं पाहून म्हणाला, "हाव जी. दोघायलेबी."