नाक शाबूत

संजना,

पेज पिऊन विहारात बसायला चाललोय, काळजी करू नको. किल्ली शेजारच्या ताईंकडे ठेवली आहे.

ऑपरेशन पित्ताच्या पिशवीचं झालं, पण मला वाटत होतं सोबत नाकही गेलं. घरात कसलाच वास येईना. डॉक्टरांना विचारणारही होतो. आज तुम्ही गेल्यावर शेजारी सुकटीला फोडणी पडली आणि मला जोराचा ठसका लागला. म्हणजे नाक शाबूत आहे. मग आपलं पातेलं उघडून बघितलं, तर सगळ्यांपुरता बिनतेलाचा दुधी. बंटीच्या शाळेच्या डब्यातही हाच गेला असणार. सासऱ्याचं पथ्य अख्ख्या घरानं पाळायचं, हे कोणत्या डॉक्टरनं सांगितलं? मला काही कळेना. तोंडावर विचारलं तर तू चिडशील की रडशील, तेही कळेना, म्हणून लिहून ठेवतोय.

बुधवारच्या बाजारातले बोंबील वरच्या डब्यात आहेत. लसूण ठेचून झणझणीत कर आणि सगळी पोटभर जेवा. दिवेलागणीपर्यंत मी येत नाही.

खिडक्या मात्र उघडू नको. वास तेवढा मला ठेव.

आप्पा